खिडकी टॉवरकडे

व्हर्ना गेली त्याच्या चौथ्या दिवशी अख्खा तळ खुर्च्या घेऊन आला. आपापली घडीची खुर्ची, आपापला बिअरचा डबा, दुपारी चारला. अ‍ॅरिझोनाच्या त्या वाळवंटात मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन हिवाळ्याला उतरणाऱ्या म्हाताऱ्यांची रीतच ती, चार वाजले की गोल करून बसायचं. त्या दिवशी फरक एवढाच की सगळ्यांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या. आणि मग सुरू झालं. व्हर्ना किती प्रेमळ. व्हर्ना किती गोड. हाक मारली की धावत यायची.

धाकटी बहीण अर्डिस मधोमध बसून ऐकत होती आणि तिच्या डोक्यात एकच येत होतं, मेल्या म्हशीला मणभर दूध. हीच माणसं जानेवारीत तिला खवीस म्हणायची. पाठीमागे म्हणायची आणि नेट बंद पडलं की पुढून यायची. आणि गोड? आमची व्हर्ना गोड? तिनं ऐकलं असतं तर खुर्चीतून उठून एकेकाच्या गाडीची तार उपटली असती.

सगळ्यात मोठा गळा काढला ड्वेन प्रूएटनं. हा शहरातल्या मोठ्या तंबूत दुकान मांडून अँटेना विकतो. पांढरे घुमट, टरबुजाएवढे, छपरावर चिकटवायचे. छाती बडवत म्हणाला, "व्हर्ना आणि मी एकाच धंद्यातले. माझ्या बहिणीसारखी होती."

बहीण म्हणे. व्हर्ना त्याला टोपीवाला म्हणायची. का, तर तो लोकांच्या गाडीला टोप्या घालतो आणि लोकांनाही.

व्हर्ना स्टकी. नेब्रास्काची. टेलिफोन कंपनीत एकतीस वर्षं खांबावर चढली. त्या टोळीतली पहिली बाई. पुरुष खालून म्हणायचे, जपून गं, पडशील. ती वरून म्हणायची, पडले तर तुमच्यावर पडेन, सरका. लग्न केलं नाही. निवृत्त झाली तेव्हा अर्डिसचा नवरा नुकताच वारला होता. दोघींनी मिळून पंचवीस वर्षं जुनं, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारलेलं एक मोटारहोम घेतलं, आणि आठ हिवाळे झाले, घर म्हणून तेच.

सगळा तळ गाड्या उभ्या करतो त्या डोंगराकडे तोंड करून. सूर्यास्त दिसला पाहिजे ना. दिवसभर सूर्याला शिव्या आणि संध्याकाळी त्याचेच फोटो. आमची व्हर्ना तेवढी गाडी उलटी लावायची, पाठीमागच्या झोपायच्या खोलीची खिडकी टेकडीवरच्या मोबाइलच्या टॉवरकडे. येणारेजाणारे हसायचे. "व्हर्ना, अगं दृश्य तिकडंय!"

"दृश्य तुम्ही बघा," ती म्हणायची. "आणि मग ते फोटो पाठवायला माझ्या दारात या."

यायचेच की. रोज कुणीतरी.

"व्हर्ना, आमचं नेट परत गेलं."

"गेलं नाही. तुझ्याकडं नीट आलंच नव्हतं. राउटर कुठं ठेवलायस?"

"मायक्रोवेव्हच्या वर. तिथं जागा होती."

"आणि मायक्रोवेव्ह कधी लावता?"

"संध्याकाळी. सिनेमा बघताना, लाह्यांना."

"आणि नेट कधी जातं?"

दोन मिनिटं ती माणसाकडे अशी बघायची, की माणसाला आपलं शिक्षण, लग्न, सगळंच फुकट गेल्यासारखं वाटायचं. मग म्हणायची, "पक्कड आण. आणि लाह्या पण आण."

एकानं तर फोनवर दाखवलं, संडासाची टाकी किती भरली ते बिनतारी कळतं म्हणून. टाकीला एक डबी, फ्रिजला एक, चारी चाकांना हवा मोजणारी एकेक. व्हर्ना म्हणाली, "पोट भरलं का ते कोण सांगतं? त्याला पण डबी लाव." पण त्याच्या चाकांच्या डब्या पाठीमागच्या टोकापासून चालकापर्यंत पोचत नव्हत्या, तर मध्ये एक निरोप पुढं ढकलणारी डबी लावून दिली तिनंच. शिव्या देत देत. शिव्यांशिवाय तिचा हात चालायचाच नाही.

तिच्या स्वतःच्या गाडीत मात्र कधी काही बंद पडलेलं अर्डिसला आठवत नाही. अँटेना छपराला चिकटवलेली नाही, झेंड्याच्या काठीच्या टोकाला. तार आत घ्यायला छपराला भोक पाडलं नाही, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या वरती धूर जायची जी जाळी असते तिथून घेतली, म्हणजे पाऊस आत येत नाही. राउटर चालकाच्या डोक्यावरच्या कपाटात, थेट गाडीच्या बॅटरीवर, म्हणजे घरातले दिवे गेले तरी तो चालू. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, एक रुसलं की दुसरं. आणि एक वही. वहीत, कुठल्या तासाला टॉवर किती चालतो. सकाळी पाच ते सात उत्तम, दुपारी बारा बरा, चारनंतर मेला. कारण टॉवर तोच आणि हिवाळ्यात माणसं शंभर पट. "एका विहिरीवर अख्खा गाव," ती म्हणायची, "आणि प्रत्येकाला वाटतं आपला दोर आखूड आहे. मग ड्वेनकडून लांब दोर आणतात."

आता अर्डिसच्या डबीचं सांगते. सगळं तिच्यावरच अडलं होतं.

मागच्या शरदात अर्डिसच्या छातीत डॉक्टरांनी एक यंत्र बसवलं. हृदयाचा ठोका चुकला तर सांभाळून घेणारं. त्याच्याबरोबर उशाशी ठेवायची एक डबी दिली, साबणाच्या वडीएवढी. रोज पहाटे पाचला ती डबी यंत्राकडून हिशेब घेते आणि दवाखान्याला पाठवते. पोचला की हिरवा दिवा. नाही पोचला की नारिंगी. आणि नारिंगी झाला की दवाखाना फोन करतो ब्रँटला. ब्रँट, अर्डिसचा एकुलता एक. ओमाहात विमा विकतो. कागदावर नाव त्याचं.

त्यानं दवाखान्यातच सांगून टाकलं. "आई, तीन सकाळी ओळीनं डबी गप्प राहिली, तर मी येणार आणि तू माझ्याबरोबर. एक जागा बघून ठेवलीय मी. स्वतःची खोली, खाली जेवण, नर्स आहे."

"आणि खिडकीतून काय दिसतं?" व्हर्नानं विचारलं.

"पार्किंग. पण स्वच्छ आहे, मावशी."

अर्डिसनं शब्द दिला. देऊन बसली. काय करणार, पोटचा पोर.

व्हर्नानं डबी हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवली. तार जोडायला कुठं जागाच नाही. "ही आपल्या राउटरचं ऐकणारी नाही, अर्डी. हिचं सिम हिच्या पोटात, हिचं लग्न हिच्या कंपनीशी. आपली गाडी पत्र्याची. हिला फक्त खिडकी आहे." आणि उशामागची खिडकी, तिच्या कट्ट्यावर डबी, आणि खिडकी टॉवरकडे. झालं. एकशे दोन सकाळी हिरवा दिवा. व्हर्ना रोज उठली की आधी दिव्याकडे बघायची, मग बहिणीकडे. "चालू आहेस. ऊठ, कॉफी ठेव."

एकशे तिसऱ्या दिवशी दुपारी व्हर्ना खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हातात पक्कड होती, कुणाची तरी. अजून कुणी मागायला आलं नाही.

ब्रँट विमानानं आला, आईच्या सोबतीला आठवडाभर राहिला. खुर्च्यांची ती बैठक झाली, लोक मक्याची भाकरी आणि घेवड्याचा रस्सा ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी ब्रँट म्हणाला, "आई, इथं रात्री केवढा गारठा आणि दुपारी केवढी भट्टी. तुम्ही जगलात कशा?" शहरात गेला आणि खिडक्यांना लावायचा तो चंदेरी कागद घेऊन आला, फुगे फुगे असतात त्याला, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा मुलामा, चकचकीत. तळावर दर दुसऱ्या गाडीला असतो. उन्हाला परतवतो, थंडीला अडवतो. मापानं कापला, एकेका खिडकीत घट्ट बसवला. हात चांगला आहे त्याचा, बापासारखा. उशामागच्या खिडकीला डबी आतल्या बाजूला सरकवून मागे कागद बसवला. आईला वारा लागू नये म्हणून.

अर्डिसला वाटलं सांगावं, की व्हर्नाला हा कागद आवडायचा नाही. भट्टीत भाजायला ठेवलेल्या बटाट्यासारखं वाटतं म्हणायची. पण व्हर्नाला काय आवडायचं? काहीच नाही. आणि पोरगं मनापासून करत होतं. कापलेले तुकडे तिनं गोळा केले.

सकाळी दिवा नारिंगी.

ब्रँट बाहेर कॉफी पीत होता, तिथं त्याचा फोन वाजला, दवाखान्याचा. तो बोलला हळूच, पण तोंडावर काही लपेना. "एक झाला, आई."

"अरे, कधीकधी होतं."

"मावशी असताना कधी झालं?"

त्यानं स्वतःच जाऊन ड्वेनला आणलं. टोपीवाला शिडी घेऊनच आला. अर्डिसचे दोन्ही हात धरून म्हणाला, "बाई माझे, मी व्हर्नाला कितीदा सांगितलं, ही काठीवरची अँटेना म्हणजे आजोबांच्या काळची. या जागेला रेंजच नाही. घुमट बसवतो. व्हर्नासाठी, अर्ध्या भावात."

"आणि घुमटाची तार डबीत कुठं घालणार?" अर्डिसनं विचारलं. "तिला भोक नाही."

ड्वेन हसला. दात सगळे नवीन आहेत त्याचे. "तार नाही घालायची. आतलं वातावरणच सुधारतं. तुम्हाला नाही कळायचं ते, ते व्हर्नाला कळायचं."

पुरुषानं खांद्यावर हात ठेवून तुम्हाला नाही कळायचं म्हटलं की अर्डिस आयुष्यभर गप्प बसत आलीय. व्हर्ना होती तोवर गप्प बसून चालायचं, कारण बोलायला व्हर्ना होती. त्या दिवशी पण गप्प बसली. टोपीवाल्यानं छपरावर टरबूज बसवलं, नवं भोक पाडलं, आणि गेला.

दुसऱ्या सकाळी दिवा नारिंगी.

ब्रँटनं कपाटातून तिची बॅग काढून पलंगावर ठेवली. उघडली नाही, नुसती ठेवली. म्हणाला, "मी ओरडत नाहीये, आई. शब्द तुझाच आहे. उद्या सकाळ बघू. मग निघू."

चांगला पोरगा आहे, असं सगळे म्हणतात. अर्डिसही म्हणते. पण चांगुलपणानं बॅग काढून ठेवणाऱ्याशी भांडायचं कसं? व्हर्नाला यायचं. तिनं बॅग उचलून त्याच्या डोक्यावर उपडी केली असती.

दुपारी ब्रँट ड्वेनला फोन करायला बाहेर गेला. आत फोन लागत नव्हता. अर्डिस बॅगेशेजारी आडवी झाली. भर दुपारी खोलीत अंधार, सगळीकडून चंदेरी भिंत, आणि तिचं तोंड त्यात वेडंवाकडं दिसत होतं, बारा ठिकाणी. खरंच भाजायला ठेवलेला बटाटा. तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

आणि तसंच पडल्या पडल्या तिला पहिला हिवाळा आठवला. तेव्हा अँटेना नव्हती, काठी नव्हती, वही नव्हती. एक फोन फक्त. आणि खिडक्यांना असाच कागद होता, व्हर्नानंच लावलेला, हौसेनं. आणि फोन लागायचा नाही. तीन दिवस लागला नाही. व्हर्ना तीन दिवस छपरावर. कंपनीला बाहेर उभी राहून शिव्या, टॉवरला शिव्या, वाळवंटाला शिव्या. एकतीस वर्षं तारा ओढल्या, मला शिकवता, असं त्या फोनवरच्या पोरीला सुनावलं. चौथ्या दिवशी अर्डिस कपडे धुऊन आली तर खिडक्यांचा सगळा कागद चुरगळून कचऱ्याच्या पिंपात. "काय झालं गं?" तर म्हणाली, "दिसायला घाण होतं. बटाटा वाटतो आपण." आणि त्याच संध्याकाळी फोन वाजला, ब्रँटचा. खणखणीत. अर्डिसनं विचारलं, कसा काय सुरू झाला? "केला मी," व्हर्ना म्हणाली, आणि दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

आठ वर्षं. आठ वर्षं अख्ख्या तळाला अक्कल नाही म्हणून फिरली बाई, आणि पहिली बिनअकली हीच.

"ताई गं," अर्डिस अंधारात म्हणाली, "तू पण?"

मग उठली. उशामागच्या खिडकीचा कागद ओढला. ऊन एवढं धाडकन आत आलं की बॅग पांढरी दिसायला लागली. डबी कट्ट्यावर पूर्वीच्या जागी ठेवली. डबीला एक बटण असतं, दाबलं की ती तेव्हाच पाठवून बघते. दाबलं. नारिंगी लुकलुकला, लुकलुकला. अर्डिसनं छातीवर हात ठेवला, आतलं यंत्र जाणवतं तिथं, नाण्यासारखं. आणि दिवा हिरवा झाला.

तिनं तो काढलेला कागद परत खिडकीत बसवला, तसाच घट्ट. आणि बाहेर येऊन खुर्ची टाकून बसली. चार वाजायला आले होते, लोक खुर्च्या घेऊन यायला लागले. ड्वेनही आला, ब्रँटनं बोलावला होता, दुसरा मोठा घुमट दाखवायला.

"ड्वेन," अर्डिस म्हणाली, "जरा आत ये. ब्रँट, तू पण. तुम्ही सगळे उशामागच्या खिडकीशी थांबा, जागा नाही आत."

आता अर्डिसनं कधी कुणाला आत ये असं फर्मान सोडलेलं नव्हतं. म्हणून आले.

"हे वातावरण," ती म्हणाली. बटण दाबलं. लुकलुकला. नारिंगीच, तिनं बाहेरच्यांसाठी मोठ्यानं सांगितलं. "सुधारलं का, ड्वेन?"

"त्याला दोन दिवस लागतात, बाई—"

तिनं कागद ओढला. बाहेरची सगळी तोंडं खिडकीत. बटण दाबलं. हिरवा.

परत कागद. नारिंगी. परत काढला. हिरवा. बाहेर कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांच्या गाड्यांना हाच कागद होता हे आठवून मध्येच थांबलं. दोघंतिघं हळूच उठून आपापल्या गाडीकडे गेले. कागद फाडल्याचे आवाज आले.

ब्रँटचा चेहरा बघवेना. "आई, म्हणजे मीच…"

"तूच," ती म्हणाली. "तुझ्या हाताला सफाई आहे. एवढा घट्ट बसवलास की देवाचा फोनही आला नसता."

"मावशीला माहीत होतं हे?"

अर्डिसनं एक क्षण टॉवरकडे बघितलं. सांगता आलं असतं. सगळे खिडकीत उभे होते, ज्यांना तिनं आठ वर्षं मूर्ख म्हटलं ते सगळे.

"तुझ्या मावशीला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "आणि ड्वेन, ते टरबूज उतरव. भोक पाडलंयस ते बुजव. नीट बुजव, मी वरून पाणी ओतून बघणार आहे. आणि शिडी धरायला माणूस आण, पडलास तर माझ्या खुर्चीवर पडशील."

ड्वेन ब्रँटकडे बघायला लागला. ब्रँट म्हणाला, "माझ्याकडे काय बघता, तिनं सांगितलं ना."

तिसऱ्या सकाळी हिरवा. ब्रँटनं बॅग कपाटात टाकली. शब्द तोही पाळतो, एवढं म्हणायला पाहिजे. पण जाताना म्हणाला, "आई, एप्रिलमध्ये उकाडा सुरू झाला की तळ उठेल. गाडी तर मावशी चालवायची. तेव्हा काय?"

"तेव्हा तू फोन कर आणि विचार."

एप्रिलात अर्डिसनं गाडी चालवली. परवाना होताच, नुसता पाकिटात पडून. वर डोंगरात, थंड हवेच्या, तळ्याकाठच्या तळाला, एका दिवसाची वाट तिला तीन दिवस लागली आणि पाठीमागून लोकांनी जेवढे भोंगे वाजवले तेवढे तिनं मोजले नाहीत. आठ वर्षं ती गाडीच्या मागे उभी राहून व्हर्नाला हात दाखवायची, ये, ये, थांब. एकदा तिनं हात नुसता वर केला तर व्हर्नानं झाडाला गाडी ठोकली होती आणि वर तिलाच बोलली होती, "थांब म्हणतेस की टाटा करतेस?" आता या नव्या तळावर गाडी लावताना हात दाखवायला कुणी नव्हतं. अर्डिस थोडं मागे घ्यायची, उतरायची, बघायची, परत चढायची. अकरा वेळा उतरली.

शेजारचं एक जोडपं खुर्च्यांवर बसून बघत होतं, नवीन असावं. माणूस ओरडला, "अहो बाई, उलटी लावताय! तळं या बाजूला आहे!"

अर्डिसनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तळं तुम्ही बघा," ती म्हणाली. "सरका जरा, पायावरून जाईल."

आणि आणखी हातभर मागे घेतली, तिथला टॉवर उशामागच्या खिडकीत मधोमध येईपर्यंत.